काजू खरेदी केंद्रासाठी डेस्कटॉप डेटाबेस प्रणाली: लाझारस आणि एसक्यूलाइट वापरून टप्प्याटप्प्याने बांधणी

मार्च ते मे या काळात गोव्यातील सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतील काजू खरेदीच्या दुकानांत दिवसभर पोती येत राहतात. पोते काट्यावर चढते, ओल्या किंवा पोकळ बियांपोटी काही वजन वजा होते, त्या दिवसाचा दर लागतो आणि पावती फाटते. पैसे कधी हातोहात मिळतात, कधी अर्धे आज आणि अर्धे पुढच्या फेरीला. या व्यवहाराची नोंद ठेवणारी एक छोटी प्रणाली मुक्तस्रोत साधनांनी कशी उभी करावी आणि तीच प्रणाली विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर कशी चालवावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. वाचकाला प्रोग्रामिंगची थोडी तोंडओळख असावी, एवढीच अपेक्षा आहे.

ब्राउझरमध्ये चालणारी प्रणाली का नको, हा प्रश्न आधी निकालात काढलेला बरा. खरेदीचे काम काट्याजवळ, रांग लागलेली असताना चालते आणि अनेक वाड्यांवर इंटरनेटचा भरवसा नसतो. पावती निघण्यासाठी दूरच्या सर्व्हरची गरज पडू लागली की रांग थांबते. प्रणाली आणि तिचा डेटा त्याच संगणकावर असणे हे येथे मागासलेपण नसून सोय आहे. तिन्ही कार्यप्रणालींवर चालण्याचा आग्रहही हौसेखातर धरलेला नाही. दुकानात जुना विंडोज संगणक, घरी मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि हिशेब तपासणाऱ्याकडे मॅक अशी स्थिती सहज आढळते.

साधनांची निवड

लाझारस हे फ्री पास्कल या कंपायलरवर उभे असलेले विकसन-वातावरण असून त्याचे काम १९९९ मध्ये सुरू झाले. त्यात फॉर्म माउसने आखता येतात, डेटाबेसशी जोडणारे घटक तयार मिळतात आणि शेवटी त्या त्या कार्यप्रणालीवर थेट चालणारी स्वतंत्र फाइल तयार होते. ती चालवण्यासाठी वापरणाऱ्याच्या संगणकावर दुसरे रनटाइम बसवावे लागत नाही. लाझारसच्या घटक-संग्रहाचा परवाना एलजीपीएलचा, म्हणजे स्रोत खुला ठेवण्याच्या अटी घालणारा, असला तरी त्याला जोडणीविषयक सवलत दिलेली आहे. त्यामुळे आपला प्रोग्राम विकत द्यायचा झाला आणि त्याचा स्रोत उघड करायचा नसला, तरी अडचण येत नाही.

पायथॉन ही भाषा आणि क्यूट हा फॉर्म-घटकांचा संच ही जोडीही उत्तम आहे, मात्र पायथॉनचा दुभाषा (इंटरप्रिटर) प्रोग्रामसोबत बांधून द्यावा लागतो. शिवाय क्यूटला पायथॉनशी जोडणाऱ्या संचांपैकी पायक्यूट हे अधिक कडक अटींच्या जीपीएल परवान्याखाली येते आणि पायसाइड एलजीपीएलखाली, हा फरक निवडीआधीच पाहून घ्यावा. इलेक्ट्रॉन या वेब-तंत्रावरच्या साधनाने केलेला प्रत्येक प्रोग्राम क्रोमियम ब्राउझरचा अख्खा गाभा बरोबर घेऊन फिरतो, त्यामुळे दुकानातल्या कमी मेमरीच्या संगणकावर तो जड जातो. लिबरऑफिसमधला बेस हा डेटाबेस-प्रोग्राम एकट्याच्या यादीसाठी ठीक आहे. पावतीचे नियम आणि रद्दबातलीची शिस्त त्यात बसवायची म्हणजे मात्र झटापट होते.

डेटासाठी एसक्यूलाइट हे छोटे डेटाबेस-इंजिन घ्यावे. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते प्रसिद्ध केले आणि त्याचा स्रोत सार्वजनिक मालकीचा आहे, म्हणजे परवान्याचा प्रश्नच उरत नाही. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो आणि त्या फाइलची मांडणी सर्व प्रणालींवर एकच असते. विंडोजवर भरलेली फाइल पेनड्राइव्हने मॅकवर नेली तर ती कोणतेही रूपांतर न करता उघडते.

विंडोजवर लाझारसच्या इन्स्टॉलरमध्ये कंपायलर समाविष्ट असतो. लिनक्सवर तो वितरणाच्या पॅकेज-भांडारातून मिळतो. मॅकवर ॲपलची कमांड-लाइन साधने आधी बसवावी लागतात. सोबत 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हा मुक्त प्रोग्रामही घ्यावा, कारण टेबले तयार करून पाहण्यासाठी आणि पुढे शंका आली की फाइलच्या आत डोकावण्यासाठी तो रोज लागतो.

टेबले

फॉर्म आखण्याचा मोह प्रथम होतो आणि तो आवरावा. फॉर्म कितीही वेळा बदलता येतो. हंगामाच्या मध्यावर, दोन हजार पावत्या झाल्यानंतर टेबल बदलणे मात्र जिवावर येते. या प्रणालीला चार टेबले पुरतात: बागायतदार, दर, पावती आणि चुकती रक्कम.

बागायतदाराच्या टेबलात नाव, गाव, वाडा, फोन आणि कृषी कार्डाचा (शेतकऱ्याच्या सरकारी ओळखपत्राचा) क्रमांक ठेवावा. कृषी कार्डाचा क्रमांक आकड्यांसारखा दिसला तरी तो मजकूर म्हणूनच साठवावा, कारण त्यावर बेरीज-वजाबाकी कधी होत नाही आणि सुरुवातीचे शून्य संख्येच्या रकान्यात गळून पडते. गोव्यात एकाच वाड्यावर एकाच नावाचे तिघे असणे नवलाचे नाही. म्हणून घराचे ओळखनाव, म्हणजे ज्या नावाने गाव त्या घराला हाक मारते ते, यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि शोधाच्या यादीत नावाशेजारी तो दाखवावा. काट्यावरच्या माणसाला योग्य व्यक्ती निवडण्यासाठी त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

दराच्या टेबलात दिनांक, मालाची प्रत (दर्जा) आणि दर ठेवावा. तरीही पावतीत दर पुन्हा लिहावा, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. पुस्तकी नियमानुसार एकच माहिती दोन ठिकाणी नसावी. परंतु पावतीवरचा दर हा दराच्या टेबलातील नोंदीचा संदर्भ नसून त्या क्षणी झालेला करार आहे. दुपारी भाव चढला आणि कोणी सकाळची नोंद दुरुस्त केली, तर सकाळच्या पावत्यांची रक्कम आपोआप बदलता कामा नये.

पावतीच्या टेबलात हंगाम, पावती क्रमांक, दिनांक, बागायतदाराची की, एकूण वजन, वजावट, दर आणि रक्कम हे रकाने येतात. पावती क्रमांक आणि टेबलाची अंतर्गत की या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. अंतर्गत की यंत्रासाठी असते, क्रमांक माणसासाठी असतो आणि तो दर हंगामाला एकपासून सुरू होतो. हंगाम व क्रमांक यांच्या जोडीवर 'युनिक' अट घालावी. चुकलेली पावती कधीही पुसू नये. रद्द केल्याची खूण, वेळ आणि कारण यांसाठी रकाने द्यावेत. सरकारी साहाय्यासाठी पुढे विक्रीची बिले सादर करण्याची वेळ येते तेव्हा मधलाच एखादा क्रमांक गायब असेल तर त्याचा खुलासा देता देता नाकी नऊ येतात.

चुकत्या रकमेचे टेबल वेगळे असण्याचे कारण उघड आहे: एका पावतीचे पैसे दोन-तीन हप्त्यांत जातात. बाकी किती, हे कुठेही साठवू नये. ती दर वेळी पावतीची रक्कम वजा चुकत्या रकमांची बेरीज अशी काढावी.

एसक्यूलाइटचा एक स्वभाव येथे माहीत हवा. रकान्याचा प्रकार तो सक्तीने पाळत नाही. वजनाच्या पूर्णांकी रकान्यात 'साडेसदतीस' असा मजकूर घातला तरी तो निमूटपणे साठवून घेतो. ३.३७ आवृत्तीपासून प्रकार सक्तीने पाळणाऱ्या 'स्ट्रिक्ट' टेबलांची सोय आहे, पण स्ट्रिक्ट टेबलात 'व्हारचार' हा लांबी सांगून घोषित करायचा मजकुराचा प्रकार चालत नाही, फक्त 'टेक्स्ट' चालतो, आणि टेक्स्ट प्रकारचा रकाना लाझारसच्या जाळीत (नोंदी ओळींत दाखवणाऱ्या ग्रिड घटकात) टाकला की प्रत्येक ओळीत नावाऐवजी कंसातला 'मेमो' हा शब्द दिसू लागतो. त्यावर जाळीच्या पर्यायांत मेमोचा मजकूर दाखवण्याचा पर्याय आहे. माझी पसंती मात्र साध्या टेबलाला आहे: नावांसाठी सढळ लांबीचा व्हारचार, आणि वजन व रकमेच्या रकान्यांवर 'चेक' अट, जिच्यात 'टाइपऑफ' हे फंक्शन वापरून मूल्य पूर्णांक आहे की नाही ते तपासले जाते. लांबीचा आकडा एसक्यूलाइट स्वतः पाळत नाही, तो लाझारसच्या उपयोगी पडतो.

दिनांकासाठी एसक्यूलाइटमध्ये स्वतंत्र प्रकार नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि दोन अंकी महिना-दिवस ठेवून मजकूर लिहावा. असे केले की मजकुराचा क्रम आणि दिनांकाचा क्रम एकच होतो.

वजन आणि पैसे

दशांश संख्यांचा मोह टाळून वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक म्हणून ठेवावे. समजा, ३७ किलो ४५० ग्रॅम माल आला आणि दर किलोला १२८ रुपये ५० पैसे आहे. ३७,४५० ग्रॅमला १२,८५० पैशांनी गुणले की ४८,१२,३२,५०० येतात. त्यात ५०० मिळवून १००० ने पूर्ण भागाकार केला की ४,८१,२३३ पैसे, म्हणजे ४,८१२ रुपये ३३ पैसे मिळतात. ५०० मिळवण्यामुळे अर्धा पैसा वर जातो. हा नियम एकाच फंक्शनमध्ये लिहावा आणि पावती, अहवाल, छपाई या सर्वांनी तेच फंक्शन वापरावे. नाहीतर अहवालाची बेरीज आणि पावत्यांची बेरीज यांत एखाद्या पैशाचा फरक पडतो आणि तो फरक शोधण्यात आख्खी संध्याकाळ जाते.

याच हिशेबात एक सापळा आहे, आणि तो एका संगणकावर दिसतो तर दुसऱ्यावर दिसत नाही. २०० किलो माल त्याच दराने घेतला तर मधला गुणाकार २,५७,००,००,००० इतका होतो, तर ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. फ्री पास्कल ६४ बिटांच्या प्रणालीवर मधले गणित ६४ बिटांत करतो, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर उत्तर बरोबर येते. जुन्या विंडोजसाठी ३२ बिटांची फाइल बांधली की तोच कोड भलतीच रक्कम देतो. म्हणून हे चल पहिल्यापासून 'इंट६४' प्रकारचे घ्यावेत आणि टेबलातील रकमेचा रकाना 'बिगइंट' म्हणून घोषित करावा. नुसते 'इंटीजर' लिहिल्यास लाझारस तो रकाना ३२ बिटांचा मानतो, आणि त्यात सुमारे २ कोटी १४ लाख रुपयांपेक्षा मोठी रक्कम पैशांत मावत नाही. एका पावतीला ही मर्यादा कधी भिडणार नाही, पण पुढे हंगामाची एकूण रक्कम साठवणारे टेबल जोडले तर ती भिडू शकते. टेबलाची अंतर्गत की मात्र 'इंटीजर प्रायमरी की' अशीच लिहावी, कारण आपोआप वाढणाऱ्या कीसाठी एसक्यूलाइटला नेमके तेच शब्द लागतात.

नावे, लिप्या आणि शोध

गोव्यातल्या प्रणालीत हा भाग सर्वांत जास्त वेळ खातो आणि बहुतेक पाठ्यपुस्तके त्याकडे पाहतही नाहीत. नाव देवनागरीत हवे, कारण पावती वाचणारा मराठी किंवा कोंकणी वाचतो. रोमीतही, म्हणजे रोमन लिपीतही हवे, कारण बँकेच्या पासबुकावर ते रोमीत आहे. दोन रकाने ठेवावेत आणि एकावरून दुसरे आपोआप तयार करण्याच्या फंदात पडू नये.

देवनागरी युनिकोडमध्ये दिसायला सारखे पण साठवणीत वेगळे असे बरेच काही आहे. 'ॲन्थनी' हे नाव एक कीबोर्ड 'ॲ' या एका अक्षराने लिहितो, तर दुसरा 'अ'ला चंद्र जोडून 'अॅन्थनी' असे लिहितो. तिसरा माणूस 'अँथनी' लिहितो. पडद्यावर पहिली दोन जवळपास एकसारखी दिसतात, डेटाबेसच्या लेखी मात्र ती तीन वेगळी माणसे आहेत. 'ऱ्य' हे जोडाक्षरही काही कीबोर्डांवर न दिसणाऱ्या जोडचिन्हाने तयार होते. त्यामुळे बागायतदाराच्या टेबलात 'शोधनाव' हा आणखी एक रकाना ठेवावा. नोंद जतन होताना प्रोग्रामने मूळ नावातील 'र्' आणि अदृश्य जोडचिन्ह यांच्या जागी 'ऱ्' घालावा, उरलेली अदृश्य जोडचिन्हे काढावीत, 'अ' आणि चंद्र यांच्या जागी 'ॲ' घालावा, 'र' व नुक्ता यांच्या जागी 'ऱ' घालावा, अनुस्वार आणि चंद्रबिंदू एक करावे, दुहेरी मोकळ्या जागा एकेरी कराव्यात आणि निकाल शोधनावात लिहावा. शोधताना टाइप केलेला मजकूरही त्याच फंक्शनमधून काढावा. मूळ नाव जसे लिहिले तसेच राहू द्यावे, कारण आपले नाव कसे लिहायचे हे त्या माणसाने ठरवायचे असते.

रोमी नावांत वेगळी अडचण येते. एसक्यूलाइट लहान-मोठ्या अक्षरांचा भेद फक्त साध्या इंग्रजी अक्षरांसाठी मिटवतो. पोर्तुगीज वळणाच्या नावांतील डोक्यावर किंवा पायाशी चिन्ह असलेली अक्षरे त्याला तशी ओळखता येत नाहीत. शोधासाठी अशी अक्षरे साध्या रूपात बदलून त्यांचाही वेगळा रकाना ठेवावा.

क्रमाविषयी थोडेच. एसक्यूलाइट मूलतः युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे यादी लावतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 'ह'नंतर येत असल्याने ॲन्थनी यादीच्या तळाशी जातो, आणि 'ळ' मराठी वर्णमालेप्रमाणे शेवटाकडे न जाता 'ल'च्या पाठोपाठ येतो. लाझारसच्या कनेक्शन घटकातून स्वतःचे क्रमफंक्शन नोंदवता येते, पण ते इंडेक्समध्ये वापरले की डीबी ब्राउझरसारख्या बाहेरच्या साधनांना ते टेबल नीट हाताळता येत नाही. म्हणून क्रमासाठीही एक रकाना ठेवणे, ज्यात प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या वर्णमालेतल्या स्थानाचा दोन अंकी आकडा असतो, हा साधा उपाय मला अधिक टिकाऊ वाटतो.

जोडणी

लाझारसमध्ये नवीन ॲप्लिकेशन सुरू करून त्यात एक 'डेटा मॉड्यूल' जोडावे. डेटा मॉड्यूल म्हणजे पडद्यावर न दिसणारा फॉर्म. एसक्यूलाइटचे कनेक्शन, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट) आणि सर्व क्वेरी घटक तेथेच ठेवावेत. ते वेगवेगळ्या फॉर्मवर विखुरले की पुढे डेटाबेस बदलणे अवघड होते.

डेटाबेस फाइलचा मार्ग आखणीच्या वेळी घटकात लिहून ठेवू नये, प्रोग्राम सुरू होताना ठरवावा. 'गेटॲपकॉन्फिगडिर' हे फंक्शन प्रत्येक प्रणालीवर योग्य फोल्डर देते. ते फोल्डर अस्तित्वात नसल्यास आधी तयार करावे. विंडोजच्या 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरात डेटा ठेवू नये, कारण सामान्य वापरकर्त्याला तेथे लिहिण्याची मुभा नसते. फाइलनावे सर्वत्र लहान अक्षरांत ठेवावीत, कारण लिनक्स लहान-मोठी अक्षरे वेगळी मानतो आणि विंडोजवर चालणारा मार्ग तेथे सापडत नाही.

कनेक्शनच्या 'पॅराम्स' यादीत फॉरेन की, म्हणजे पावतीतली बागायतदाराची की त्याच्या टेबलात खरोखर आहे ना ही तपासणी, चालू करण्याची ओळ घालावी. एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी मुळात बंद असते आणि ती फाइलमध्ये साठत नाही, प्रत्येक जोडणीला नव्याने चालू करावी लागते. उलट 'वाल' या, बदल आधी शेजारच्या फाइलमध्ये लिहिणाऱ्या नोंदवही-पद्धतीची निवड फाइलमध्येच कायम राहते. ती प्रोग्राममधून लावू पाहिल्यास लाझारसने आधीच उघडलेल्या ट्रान्झॅक्शनमुळे त्रुटी येते, त्यामुळे फाइल पहिल्यांदा तयार करताना डीबी ब्राउझरमधून एकदाच लावून टाकणे सोपे पडते.

आता नवशिक्याला हमखास बुचकळ्यात टाकणाऱ्या गोष्टीकडे येऊ. जाळीत बदल केला, 'पोस्ट' झाले, पडद्यावर नवा मजकूर दिसला, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला आणि जुनाच मजकूर समोर आला. याचे कारण असे की लाझारसचा क्वेरी घटक बदल आधी स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. पोस्टमुळे ते फक्त त्या स्मृतीत पक्के होतात. त्यानंतर 'अप्लायअपडेट्स' म्हटल्यावर ते डेटाबेसकडे जातात आणि ट्रान्झॅक्शनला 'कमिट' म्हटल्यावर फाइलमध्ये उतरतात. कमिट झाले की उघड्या क्वेरी बंद होतात आणि जाळी रिकामी दिसते. क्वेरीच्या 'ऑप्शन्स'मध्ये कमिटनंतर उघडे राहण्याचा पर्याय निवडल्यास तसे होत नाही. बदल आपोआप लागू आणि कमिट करण्याचे पर्यायही तेथेच आहेत. बागायतदारांच्या यादीसाठी ते सोयीचे आहेत, पावतीसाठी मात्र वापरू नयेत.

क्वेरी घटक नोंदी एकदम न आणता दहा-दहाच्या गठ्ठ्याने आणतो, म्हणून यादी उघडल्याबरोबर नोंदींची संख्या विचारली तर दहा असे उत्तर येऊ शकते. 'पॅकेटरेकॉर्ड्स' उणे एक केल्यास सर्व नोंदी एकदम येतात. काही हजार नोंदींसाठी ते चालते, पण मोजणी हवी असेल तर ती डेटाबेसकडूनच करून घ्यावी.

क्वेरीत मूल्ये जोडताना मजकूर चिकटवून वाक्य तयार करू नये, पॅरामीटर वापरावेत. सुरक्षिततेचे कारण सर्वज्ञात आहे, पण गोव्यात त्याआधीच रोमीतले डी'सोझा दारात उभे राहतात. त्या नावातल्या एका अपॉस्ट्रॉफीने चिकटवलेले वाक्य मोडते आणि पहिल्याच दिवशी नोंद अडते.

पावती जतन करणे

पावती आणि तिच्याबरोबर दिलेली रक्कम या दोन नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गेल्या पाहिजेत. क्रम असा ठेवावा: चालू हंगामाचा शेवटचा क्रमांक वाचून एक मिळवणे, पावती घालणे, कनेक्शनकडून नव्या नोंदीची की घेणे, चुकती रक्कम घालणे, कमिट करणे. मध्ये कोठेही त्रुटी आली तर रोलबॅक करून, म्हणजे केलेले बदल मागे घेऊन, काट्यावरच्या माणसाला समजेल अशा मराठीत निरोप द्यावा. छपाई कमिट झाल्यानंतरच करावी, म्हणजे कागदावर आहे पण डेटाबेसमध्ये नाही अशी पावती कधी निघणार नाही.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की वीज जाते, आणि ती नेमकी पावती जतन होत असताना जाऊ शकते. कमिट पूर्ण झालेले असेल तर पावती राहते, नसेल तर अर्धीमुर्धी राहत नाही, ही हमी एसक्यूलाइट देतो. मात्र 'सिंक्रोनस' ही, बदल डिस्कवर उतरल्याची किती खात्री करायची ते ठरवणारी मांडणी 'फुल' असायला हवी. वेग वाढवण्यासाठी ती 'नॉर्मल' करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. वाल पद्धतीत तसे केल्यास फाइल बिघडत नाही, पण वीज जाण्यापूर्वीचे शेवटचे काही व्यवहार नाहीसे होऊ शकतात. पैशांच्या नोंदीत हा सौदा घेऊ नये. मिनिटाला एक पावती करणाऱ्या दुकानाला त्या वेगाचा उपयोगही नाही.

फॉर्म आणि छपाई

फॉर्मची बटणे आणि चौकटी ठरावीक उंचीच्या करू नयेत. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते, आणि विंडोजवर नीट बसलेला शब्द लिनक्सवर खालून कापला जातो. घटकांना 'ऑटोसाइझ' द्यावे, एकमेकांना 'अँकर'ने बांधावे आणि फॉन्टचे नाव मूळ ठेवावे. तिन्ही प्रणालींवर देवनागरी फॉन्ट वेगवेगळे आहेत, त्यामुळे एकाच फॉन्टचा हट्ट दुसरीकडे पर्यायी फॉन्ट आणि बिघडलेली मांडणी देतो. पावतीचा फॉर्म पूर्ण कीबोर्डवर चालला पाहिजे. काट्याजवळच्या माणसाच्या बोटांना काजूचा चीक असतो आणि माउस त्याला नको असतो.

छपाईत देवनागरीची जोडाक्षरे सुटी पडणे हा जुना आजार आहे. पीडीएफ तयार करणाऱ्या काही लायब्रऱ्या अक्षरे नुसती शेजारी मांडतात, त्यांची जुळणी करत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे पावती एचटीएमएल म्हणून लिहून संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडणे. तिन्ही प्रणालींवरचे ब्राउझर देवनागरी बिनचूक जुळवतात. छोटा थर्मल प्रिंटर असेल तर त्याच्या स्वतःच्या अक्षरसंचात बहुधा देवनागरी नसते, म्हणून पावतीचे चित्र तयार करून पाठवावे.

बॅकअप आणि आवृत्ती

प्रोग्राम चालू असताना डेटाबेस फाइल नुसती कॉपी करणे हा बॅकअप नव्हे. वाल पद्धतीत ताजे व्यवहार शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात आणि मुख्य फाइलच्या प्रतीत ते येतीलच असे नाही. ३.२७ आवृत्तीपासून 'व्हॅक्युम इन्टू' ही आज्ञा चालू डेटाबेसची सुसंगत आणि आटोपशीर प्रत दुसऱ्या फाइलमध्ये काढते. ती ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून आधी चालू ट्रान्झॅक्शन संपवावे लागते. प्रोग्राम बंद करताना ही प्रत दिनांकाच्या नावाने आपोआप काढावी, मग ती प्रत उघडून तिच्यावर 'इंटिग्रिटी चेक' चालवावा आणि पावत्यांची संख्या मूळ फाइलशी ताडून पाहावी. प्रत पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडच्या फोल्डरात जावी. चालू फाइल मात्र क्लाउडच्या फोल्डरात कधीही ठेवू नये, कारण दोन फाइली वेगवेगळ्या वेळी वर चढतात आणि दुसऱ्या संगणकावर बिघडलेली जोडी उतरते.

पुढच्या हंगामात नवा रकाना लागणारच. त्यासाठी एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये 'युजर व्हर्जन' नावाचा एक पूर्णांक ठेवता येतो. प्रोग्राम सुरू होताना तो वाचावा. प्रोग्रामला अपेक्षित आकड्यापेक्षा तो कमी असेल तर आधी बॅकअप घ्यावा आणि मग एकेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करून आकडा वाढवावा. तो जास्त असेल, म्हणजे जुना प्रोग्राम नव्या फाइलवर चालवला जात असेल, तर प्रोग्रामने नम्रपणे थांबावे.

वाटप

प्रत्येक प्रणालीसाठीची फाइल शक्यतो त्याच प्रणालीवर बांधावी. एका संगणकावरून दुसऱ्यासाठी बांधता येते, पण मांडणी तपासायला ती प्रणाली लागतेच. विंडोजवर प्रोग्रामसोबत एसक्यूलाइटची डीएलएल (लायब्ररी फाइल) द्यावी लागते आणि प्रोग्राम ६४ बिटांचा असेल तर डीएलएलही ६४ बिटांचीच हवी. लिनक्सवर एक चमत्कारिक त्रुटी येते: एसक्यूलाइट बसवलेले असूनही ते सापडत नाही असे प्रोग्राम सांगतो. लाझारस आवृत्तीचा आकडा नसलेले फाइलनाव शोधतो आणि ते नाव बहुतेक वितरणांत फक्त विकसकांच्या पॅकेजबरोबर येते. लायब्ररी-लोडर घटकात आकड्यासह असलेले नाव दिले की प्रश्न सुटतो. मॅकवर एसक्यूलाइट आधीच असते, पण स्वाक्षरी नसलेला प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना परवानगी द्यावी लागते. तयार झालेली फाइल फारच मोठी वाटली तर ती डीबग माहितीमुळे असते. प्रकाशनासाठी वेगळा बिल्ड मोड ठेवून ती माहिती काढून टाकावी.

एकाहून अधिक काटे

दुकानात दुसरा काटा आला आणि दोन संगणकांवरून एकाच वेळी पावत्या करायच्या झाल्या, की एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात ठेवण्याचा विचार मनात येतो. वाल पद्धत नेटवर्क फोल्डरवर चालत नाही आणि इतर पद्धतींत नेटवर्कवरची कुलपे भरवशाची नसतात. अशा वेळी पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेस-सर्व्हरकडे वळावे. एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून त्यावर हा सर्व्हर चालवला तर दुकानाच्या अंतर्गत नेटवर्कला तो पुरून उरतो, आणि इंटरनेट गेले तरी काम थांबत नाही.

डेटा मॉड्यूल वेगळे ठेवल्याचा फायदा आता मिळतो. एसक्यूलाइटच्या जागी पोस्टग्रेएसक्यूएलचा कनेक्शन घटक बसवला की फॉर्मना बहुतेक काही कळतही नाही. बदलावे लागते ते एवढेच: आपोआप वाढणाऱ्या कीची घोषणा, नव्या नोंदीची की परत मिळवण्याची रीत आणि शोधातील 'लाइक' (मिळताजुळता मजकूर शोधणारा शब्द), कारण तेथे तो लहान-मोठ्या रोमी अक्षरांत भेद करतो. पावती क्रमांकाच्या तर्काकडेही पुन्हा पाहावे लागते. दोन काटे एकाच क्षणी शेवटचा क्रमांक वाचतात आणि दोघांनाही तोच पुढचा आकडा मिळतो. हंगाम व क्रमांकाच्या जोडीवरची युनिक अट त्यांतील एकाला अडवते. अडलेल्या प्रोग्रामने त्रुटी न दाखवता नवा क्रमांक घेऊन पुन्हा प्रयत्न करावा, किंवा प्रत्येक काट्याला स्वतःची पावती मालिका द्यावी. दुसरा मार्ग हिशेबनिसालाही आवडतो, कारण कोणती पावती कोणत्या काट्यावर झाली हे त्याला क्रमांकावरूनच कळते.